भाचा फुटबॉलच्या लाइनमध्ये, वजन १२८ किलो, आणि जायचंय नेव्हल अकॅडमीत. खेळाडूंना फिटनेसचे वेगळे नियम असतात का?

मेरीलँडकर
नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे पण इथे एनडीएवाले (खडकवासल्याची नॅशनल डिफेन्स अकॅडमी) पण आहेत आणि अमेरिकेतले पण, म्हणून टाकतोय. माझा भाचा, जन्म अमेरिकेतलाच, हायस्कूलला अकरावीत, अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनला खेळतो, म्हणजे क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणाऱ्याच्या) पुढे जी दांडगी पोरं ओणवी उभी असतात ना त्यातला एक. उंची सहा फूट चार इंच, वजन १२८ किलो. अ‍ॅनापोलिसची नेव्हल अकॅडमी घरापासून लांब नाही, त्याच्या डोक्यात आता तेच आहे, आणि बहिणीच्या डोक्यात आहे की तिथे फी नाही उलट पगार मिळतो.

आता घोळ असा की लाइनमध्ये खेळायचं तर वजन पाहिजे, कॉलेजला जाईपर्यंत अजून वाढव असंच सगळे सांगतात. आणि अकॅडमीत मुलांना दीड मैल १० मिनिटं ३० सेकंदांत पळावं लागतं. हा दीड मैल पळायला निघाला की मी गाडीत निवांत डुलकी काढतो. तर खेळाडू मुलांना तिथे वेगळे नियम असतात का? आणि आपल्या एनडीएत असं काही असतं का? जाणकारांनी सांगा.

शंकासूर
असणारच की. आर्मी-नेव्ही मॅच १८९० पासून चालू आहे, अख्खा देश टीव्हीला चिकटून बघतो. त्या मॅचसाठी कमर मोजायची टेप थोडी सैल धरत असतील, त्यात काय नवल.

खडकवासला_जुना
एनडीएचं मी सांगतो, बाकी अमेरिकेतलं इतर लोक सांगतील. आमच्याकडे खेळाडू म्हणून प्रवेश हा प्रकारच नाही. यूपीएससीची लेखी, मग एसएसबी (निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या), मग मेडिकल, मग मेरिट लिस्ट. तुम्ही राष्ट्रीय पातळीवर खेळलेले असा नाहीतर आयुष्यात बॅट हातात न धरलेले असा, रांग एकच. आत गेल्यावर मात्र प्रत्येक जण खेळाडू, म्हणजे त्याची मर्जी असो नसो. पीटी, ड्रिल, पोहणं, घोडा आणि संध्याकाळी गेम्स, हे सगळ्यांना. अठरा स्क्वाड्रन आहेत आणि इंटर-स्क्वाड्रन क्रॉस कंट्रीला जो माहोल असतो तो वेगळाच. तिथे एकटा पुढे येऊन भागत नाही, सगळ्यांच्या नंबरांवर स्क्वाड्रनचा नंबर ठरतो, त्यामुळे शेवटून पळणाऱ्याला रात्री झोप लागू देत नाहीत.

आणि पीटीची टेस्ट पास झाली नाही तर उस्ताद (पीटी शिकवणारे) गोड बोलून समजावत नाहीत. आधी जादाची पीटी, रगडा, तरी नाही जमलं तर रेलिगेशन, म्हणजे सहा महिने मागे, आपला कोर्स पुढे जातो आणि आपण ज्युनियरांच्यात. बॉक्सिंगमध्ये अकॅडमीला मेडल आणून दिलेला पोरगासुद्धा दोर चढताना अडकला तर अडकला. माझं मत विचाराल तर हेच बरोबर आहे. उद्या तो ज्या तीस जणांना घेऊन डोंगर चढणार आहे त्यांना त्याच्या मेडलशी काही देणंघेणं नसतं.

हडसनकाठ
मी वेस्ट पॉइंटच्या (अमेरिकन आर्मीची अकॅडमी) बऱ्यापैकी जवळ राहतो, शेजारचा मुलगा तिथून पास झाला, त्यामुळे थोडं आतलं ऐकून आहे.

मूळ नियम सगळ्यांना एकच आहे: पदवी आणि कमिशन घ्यायच्या दिवशी तुम्ही सैन्याच्या मापात बसलं पाहिजे. खेळाडूला सवलत मिळते ती वेळेची. फुटबॉलच्या लाइनमनना सीझन चालू असताना वजन आणि बॉडी फॅटच्या बाबतीत मुभा देतात, आणि शेवटच्या वर्षाची शेवटची मॅच डिसेंबरात झाली की उलटी गिनती सुरू. मे महिन्यात टोपी उडवायची, त्याच्या आत वीस, पंचवीस, काहींना त्याहून जास्त किलो उतरवायचे. चार वर्षं कोच म्हणतो खा, शेवटचे पाच महिने सैन्य म्हणतं खाऊ नकोस. शेजारचा पोरगा (तो लाइनमन नव्हता, लॅक्रॉसवाला होता) सांगायचा की जानेवारीत मेसमध्ये ही अवाढव्य पोरं सॅलडच्या प्लेटकडे अशी काही बघत बसायची की वाईट वाटायचं.

म्हणूनच या अकॅडम्यांची लाइन बाकी मोठ्या कॉलेजांपेक्षा हलकी असते आणि त्या वर्षानुवर्षं ट्रिपल ऑप्शन (बॉल फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर भर असलेली पद्धत) खेळत आल्या. समोरच्याला नुसतं वजनाने रेटायचं नाही, बॉल सुटताक्षणी चपळाईने खाली घुसून अडवायचं. फिटनेसच्या नियमामुळे खेळाची पद्धतच ठरली असं म्हणा ना.

वजनाला मुभा असली तरी बाकी चुकत नाही. वेस्ट पॉइंटला इनडोअर ऑब्स्टॅकल कोर्स आहे, हेज जिममध्ये, अकरा अडथळे, मुलांना साडेतीन मिनिटांच्या आत पूर्ण. ऐकायला सोपं वाटतं. त्यात दोर चढायचा, अंग वर ओढून शेल्फवर चढायचं, आणि तुमच्या भाच्याला स्वतःचे १२८ किलो स्वतःच उचलायचेत. जिम इतकी जुनी आणि धुळकट की पळून आल्यावर जो खोकला लागतो त्याला तिथे नाव आहे, हेज लंग.

शंकासूर
म्हणजे मी म्हटलं तेच झालं. चार वर्षं एका मुलाला मापाबाहेर चालवून घ्यायचं आणि बाजूच्या खोलीतल्या साध्या कॅडेटला दोन इंच कमर वाढली तर नोटीस. ही सवलत नाही तर काय आहे?

हडसनकाठ
सवलत आहेच, नाही कुठे म्हटलं. पण फुकटची नाही. पुढे पाच वर्षं नोकरी बंधनकारक. बाकी कॉलेजातले खेळाडू आता जाहिरातींतून पैसे कमावतात, यांना तेही नाही कारण हे सरकारी नोकर. अलेहांद्रो व्हिलानुएवा घ्या. सहा फूट नऊ इंच, वेस्ट पॉइंटला आधी लाइनला खेळला, मग शेवटच्या वर्षी त्याला रिसीव्हर केला म्हणजे पळणारा गडी. २०१० ला पास झाला, रेंजर झाला, अफगाणिस्तानात तीनदा जाऊन आला, ब्राँझ स्टार मिळाला. त्यानंतर पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक टीममध्ये परत वजन वाढवून लेफ्ट टॅकल, म्हणजे पुन्हा लाइनला! एकाच माणसाचं शरीर कामाप्रमाणे किती वेळा वरखाली झालं बघा.

फिजिओताई
आता माझ्यासारखीला बोलावंच लागेल. पेशाने फिजिओ आहे, फौजेत नाही, पण भरतीच्या तयारीची मुलं आणि कुस्तीगीर दोन्ही माझ्याकडे येतात.

वजन, बॉडी फॅट आणि फिटनेस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वरच्या चर्चेत तिन्ही एकाच पातेल्यात शिजतायत. काटा फक्त वजन सांगतो. टेप लावली की चरबीचा अंदाज येतो, तोही अंदाजच. अमेरिकन आर्मीत आधी मान आणि कमर मोजायचे, २०२३ ला फक्त बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजायला लागले, कारण जाड मानेची माणसं टेपला फसवायची आणि बारीक मानेची विनाकारण अडकायची. त्याच वर्षी त्यांनी अजून एक शहाणपणाचा निर्णय घेतला: फिटनेस टेस्टमध्ये ६०० पैकी ५४० आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० असतील तर बॉडी फॅट मोजायचंच नाही. मग २०२५ ला टेस्ट बदलली, पाच प्रकार आणि ५०० मार्क झाले, तर ती रेषा ४६५ वर आणली. म्हणजे अंग काम करून दाखवतंय ना, मग आकडा बघत बसू नका. मला हे पटतं.

न पटणारं म्हणजे पाच महिन्यांत तीस किलो. मुळात १८-२२ वयात मुद्दाम १३० किलोवर नेलेलं शरीर हेच सांध्यांना, ब्लड प्रेशरला महाग पडतं, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं वेगळंच. वरून घाईने उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वजन उतरायच्या आधीच मुलं पळायला सुरुवात करतात. शिन पेन, नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, गुडघे. भाच्याला सांगा आधी सायकल आणि पोहणं, पळणं हळूहळू, आणि घोरत असेल तर झोपेची तपासणी आत्ताच करून घ्या.

सातारकर
खडकवासला काका, एनडीएत खेळाडूला काहीच नाही असं नाही हां. यूपीएससीच्या एनडीए नोटिफिकेशनच्या मेडिकलच्या भागात वजनाचा तक्ता असतो, वय आणि उंचीप्रमाणे. त्याच्या खालीच लिहिलंय की बॉडी बिल्डिंग, कुस्ती, बॉक्सिंग करणारा किंवा पिळदार बांध्याचा मुलगा असेल आणि त्याची कागदपत्रं असतील तर अपवाद म्हणून जास्त वजन चालतं. पण मग कमर ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, कमर आणि नितंबाचं प्रमाण ०.९ च्या आत, बीएमआयलाही वरची मर्यादा, आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल.

हे मला का पाठ आहे तर आमचं चिरंजीव. तालमीतला पोरगा, छाती मांड्या दणकट, एसएसबीतून रेकमेंड झाला, घरात पेढे वाटून झाले आणि मेडिकलला ओव्हरवेट म्हणून टेम्पररी अनफिट. खेळाची सर्टिफिकेटं होती पण घरी कपाटात! अपीलला ४२ दिवस मिळतात. त्यात त्याने भात, भाकरी, दूध सगळं तोडलं, घरात मी आणि बायको चोरून जेवायचो. झाला फिट. पण त्यात त्याची ताकद इतकी गेली की तालमीत बारकी पोरं त्याला उचलायला लागली. ज्यांची पोरं कुस्ती, कबड्डी, वेटलिफ्टिंगवाली आहेत त्यांनी कागदपत्रांची फाईल पहिल्या दिवसापासून बरोबर ठेवा, एवढंच सांगायचंय.

खडकवासला_जुना
सातारकर, माहिती बरोबर आहे आणि चिरंजीवांचं अभिनंदन. पण ते दाराच्या बाहेरचं झालं. आत आल्यावर दोर तुमचं सर्टिफिकेट वाचत नाही.

त्याच नोटिफिकेशनमध्ये अजून एक यादी आहे ती कुणी वाचत नाही: येण्याआधी २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, दोरीच्या उड्या, वीस पुशअप, वीस सिटअप, आठ चिनअप आणि तीन-चार मीटर दोर, एवढी तयारी करून या. आता गंमत बघा, २.४ किलोमीटर म्हणजे मेरीलँडकरांचा दीड मैलच. आपल्याकडे १५ मिनिटं म्हणजे नुसतं उंबरठ्यावर उभं राहण्यापुरतं, आत आल्यावर ती वेळ धडाधड खाली आणायला लावतात. पुढे युनिटमध्ये बीपीईटी ही लढाईच्या तयारीची शारीरिक टेस्ट असते, हत्यार आणि सामान अंगावर घेऊन पाच किलोमीटर, वर नऊ फुटी खंदक उडी मारून पार. तेव्हा कुणी विचारत नाही तू कॉलेजात कोणत्या पोझिशनला होतास.

आष्टीचा_पाव्हणा
फौज आणि खेळ म्हणल्यावर आमच्या अविनाश साबळेचं नाव निघालं नाही अजून?? आष्टी तालुका, मांडवा गाव, जिल्हा बीड. बारावी झाल्यावर ५ महार मध्ये शिपाई म्हणून भरती. खेळाडू म्हणून नाही, साधी भरती. सियाचीन केलं, राजस्थानचं वाळवंट केलं, सिक्कीम केलं. २०१५ ला आर्मीच्या क्रॉस कंट्रीत उतरला तिथून पळण्याचं सुरू झालं. मधे दुखापत झाली, वजन वाढलं, ते वीसेक किलो उतरवून परत उभा राहिला आणि कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसला (अडथळ्यांच्या लांब शर्यतीला) घातलं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये ८:११.२० मध्ये सिल्व्हर, केनियावाल्यांच्या रांगेत घुसून! मग हांगझोला एशियन गेम्सचं गोल्ड. तर आधी फौजी मग खेळाडू असं पण होतं, आणि माझ्या मते तेच भारी.

हडसनकाठ
पाव्हणं, एकदम मान्य. पण तो मार्ग वेगळा आहे. आपल्याकडे खेळाडू फौजेत येतो तो शिपाई, हवालदार, नायब सुभेदार असा. नीरज चोप्रा २०१६ ला राजपुताना रायफल्समध्ये थेट नायब सुभेदार झाला. पुण्याचं आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, लहान मुलांच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या, हे सगळं खेळासाठीच उभं केलंय आणि त्या माणसाचं काम मेडल हेच धरलंय. अमेरिकेने दोन्ही एकाच मुलाकडून मागितलं, शनिवारी मॅच जिंक आणि सोमवारपासून ऑफिसर हो. म्हणून तिथे हा वजनाचा तिढा आहे, आपल्याकडे नाही.

शंकासूर
आणि आपल्याकडे तिढा नाही म्हणून आपल्या ऑफिसरांच्या अकॅडमीतून ऑलिंपिक खेळाडूही फारसे निघत नाहीत, हे पण म्हणा की.

खडकवासला_जुना
ते काम अकॅडमीचं नाहीच.

केतकी_पुणे
मुलींचं कुणीच बोललं नाही. वेस्ट पॉइंटचा तोच ऑब्स्टॅकल कोर्स मुलींना ५ मिनिटं २९ सेकंद, नेव्हल अकॅडमीत दीड मैल १२:४०. दरवेळी यावरून कुणीतरी ओरडतं की बघा, कमी मापात पास. पण मग लाइनमनला सीझनभर टेपमधून सूट मिळते तेव्हा तेच लोक गप्प कसे? शरीरं वेगळी आहेत हे मुलाच्या बाबतीत लगेच पटतं आणि मुलीच्या बाबतीत चर्चासत्र लागतं.

आता अमेरिकन आर्मीने लढाऊ शाखांसाठी मुलामुलींना एकच माप लावलंय, ५०० पैकी ३५०. ते मला चालेल, कारण तिथे माप कामाचं आहे. एनडीएत २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर पहिल्या १९ मुली आल्या, मे २०२५ ला १७ पास आउट झाल्या, माझ्या मैत्रिणीची पुतणी पुढच्या एका कोर्सला आहे. ती सुट्टीत येते तेव्हा घरातल्या कुणाचीही तिच्याबरोबर सिंहगड चढायची हिंमत होत नाही.

फिजिओताई
केतकी +१.

अवांतर होईल पण लिहिते. आपण सगळे मापं गाठण्याबद्दल बोलतोय, मापं गाठताना जे मोडतात त्यांचं काय? ट्रेनिंगमध्ये मोठी इजा झाली, पाठीचा कणा, डोकं, की कॅडेटला मेडिकल बोर्ड आउट करतात. तो अजून ऑफिसर झालेला नसतो म्हणून त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि पेन्शन नाही, महिना जास्तीत जास्त ४० हजारापर्यंत एक्स ग्रेशिया, बस. १९८५ पासून अशी साधारण ५०० मुलं आहेत, काही जण आयुष्यभर व्हीलचेअरवर. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हा विषय हातात घेतला तेव्हा कुठे ईसीएचएसची (माजी सैनिकांची आरोग्य योजना) वैद्यकीय सोय त्यांना लागू झाली. रगड्याच्या गोष्टी ऐकायला मजा येते काका, पण दुखतंय म्हणून सांगणाऱ्या पोराला सगळे कामचोर समजतात ना, तिथे माझं डोकं फिरतं.

खडकवासला_जुना
ताई, यावर वाद नाही. आमच्या वेळी एमआय रूममध्ये (दवाखान्यात) जाणं म्हणजे लाज वाटायची. पाय सुजलेला घेऊन पळणारे बघितलेत. जो देशासाठी ट्रेनिंग घेताना मोडला तो सैनिकच, मग कागदावर काही का असेना. ४० हजारांत चोवीस तासाचा माणूस ठेवायचा म्हटलं तरी पुरत नाही.

मेरीलँडकर
बापरे, किती लिहिलंत मंडळी, सगळं बहिणीला वाचून दाखवलं. ती सुप्रीम कोर्टवाल्या भागाला जरा गप्प झाली.

काल बेसमेंटमध्ये आणि मागच्या अंगणात आम्ही त्याची कॅन्डिडेट फिटनेस असेसमेंट (अकॅडमीच्या प्रवेशाची फिटनेस टेस्ट) घरच्या घरी घेतली. गुडघ्यावर बसून बास्केटबॉल फेकायचा त्यात शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे गेला. पुशअप ठीक, क्रंचेस ठीक, शटल रन तर चक्क चांगला, पाय हलके आहेत पोराचे. पुलअप शून्य. एक मैल पळाला पण शेवटी चालत होता. आता काय करायचं? वजन आत्ता कमी करायला सांगावं तर कोच लोक दुसऱ्याला घेतील, नाही सांगावं तर हे.

हडसनकाठ
घाबरू नका, लाइनच्या पोरांचं सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच असतं. शटल रन चांगला आहे ना, मग अशा लाइनला तोच मुलगा पाहिजे असतो. माझ्या मते १२८ वरून वर जाऊ देऊ नका, पाच-सात किलो उतरले तर उतरू द्या, पुलअप आपोआप एक-दोन यायला लागतील. कोच नाराज झाला तर तो कोच तुमच्या कामाचा नाही, कारण फुटबॉल चार वर्षांचा आहे आणि नोकरी त्यानंतरची.

दुसरं, न्यूपोर्टला, ऱ्होड आयलंडमध्ये, नेव्हीची प्रेप स्कूल आहे, दहा महिन्यांची. बरेच खेळाडू आधी तिथे जातात, अभ्यास आणि शरीर दोन्ही सुधारून मग अ‍ॅनापोलिस. तिथे पाठवायचं म्हणाले तर कमीपणा मानू नका. त्यानंतर प्लीब समर, म्हणजे नव्या मुलांचं ट्रेनिंग, उन्हाळ्यातले सातेक आठवडे, भल्या पहाटे पीटी, तिथे वजन असंही उतरतंच, मग कोच परत खायला घालतात.

आणि उंचीकडे पण लक्ष ठेवा, अजून वाढायचं वय आहे. डेव्हिड रॉबिन्सन नेव्हल अकॅडमीत गेला तेव्हा उंचीच्या मर्यादेत जेमतेम बसत होता, तिथे गेल्यावर वाढून सात फुटी झाला. पाणबुडीत मावेना, विमानात मावेना. शेवटी नेव्हीने दोन वर्षांची नोकरी करून घेतली आणि तो सॅन अँटोनियोला बास्केटबॉल खेळायला गेला. वजन उतरवता येतं, उंचीचं काय करणार.

सातारकर
आणि फाईल करा फाईल! मेडिकलची, खेळाची, सगळी.

फिजिओताई
पुलअपसाठी बारला रबर बँड बांधून सुरुवात करा, आठवड्यात तीन दिवस, आणि नुसतं लटकून हळू खाली येणं. मैलासाठी आत्ता तरी सायकलच. आणि घोरण्याबद्दल मी विचारलं होतं त्याचं उत्तर आलं नाही.

मेरीलँडकर
घोरतो. वरच्या मजल्यावरून खाली ऐकू येतं. पुढच्या महिन्यात स्लीप टेस्टची वेळ घेतली आहे, बहिणीने आजच फोन केला.

खडकवासला_जुना
पोहता येतं का त्याला? नेव्हीत जातोय म्हणून विचारतो. दहा मीटरच्या बोर्डावरून उडी मारावी लागते, तिथे वर गेल्यावर भल्याभल्यांचे पाय थरथरतात.

मेरीलँडकर
पोहतो काका. उडीचं विचारलं तर म्हणाला मामा, मला नाही, तिथल्या पाण्याला विचारा.